निरोप सांगणारी एटेल्का

एटेल्काला आवाज मिळाला तो बापाकडून. बाप म्हणजे मेनीहेर्त, आमच्या सालबेरेकचा दवंडीवाला. पोटावर ढोल बांधायचा, चर्चसमोर आणि गिरणीपाशी उभा राहायचा आणि सरकारचं म्हणणं असं ओरडून सांगायचा की ओढ्यापलीकडच्या गाईसुद्धा मान वर करायच्या. सरकारं बदलत गेली, ढोल तोच राहिला. सम्राटाच्या काळात तो आपल्या बापाच्या हाताखाली शिकला. मग चेक आले, त्यांची दवंडी त्याने पिटली. मग हंगेरीवाले परत आले, त्यांची पिटली. "ऐका हो ऐका! आजपासून आपण अमक्या देशात राहतो. कुत्री बांधून ठेवा!" कुत्र्यांचं ते वाक्य प्रत्येक राज्यात असायचं.

आमच्या गावाने जागा सोडली नाही, हे मी शपथेवर सांगते. आम्ही आपले इथेच होतो, आमच्या कोंबड्या, आमचे मिरचीचे वाफे, आमची भांडणं घेऊन. राज्यंच येऊन बसायची आणि उठून जायची. आणि जाताना प्रत्येकाने काही ना काही नेलं.

मी गिझी. एटेल्काच्या शेजारची. वयाने तिच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, पण तोंडाने मोठी, असं तीच म्हणायची. आता माझंही वय झालंय, गुडघे बोलतात, कान ऐकत नाहीत. तिच्याबद्दल सांगणारं दुसरं कोणी उरलं नाही, म्हणून मी सांगते. मध्ये मध्ये मला राग येईल, तो तेवढा सहन करा.

रशियन आले तेव्हा मेनीहेर्तने शेवटची दवंडी पिटली. अठरा ते पन्नास वयाच्या सगळ्या पुरुषांनी जमायचं, तीन दिवसांचं थोडंसं काम आहे, बरोबर भाकरी आणावी. स्वतःच्या घरासमोर उभा राहूनही त्याने ते ओरडून सांगितलं. काम होतं ते. आतून त्याचा जावई, एटेल्काचा नवरा देनेश, टोपी घालत बाहेर आला. "कुत्रं बांधलंय हो, मामा," असं म्हणून हसत गेला. भाकरी तीन दिवसांचीच नेली होती. तो परत आला नाही, त्याच्याबरोबर गेलेल्यांतले निम्म्याहून जास्त आले नाहीत. मेनीहेर्तने ढोल कोठीत उलटा टाकला आणि त्यानंतर तो घरातसुद्धा मोठ्याने बोलला नाही. त्याची गरजही उरली नव्हती. नव्या सरकारने खांबांवर भोंगे लावले.

मागे राहिली एटेल्का आणि तिची पोर तेरूश. तीन वर्षांची, कान जरा पुढे आलेले, अगदी आजोबांसारखे. पुढच्या वर्षी गावात ताप पसरला, एटेल्का अंथरुणाला खिळली. पोरीला लागण होऊ नये म्हणून तिला ओढ्यापलीकडे आत्याकडे पाठवलं. ही आत्या म्हणजे देनेशची बहीण पिरोश्का. मूलबाळ नाही, स्वभावाने गोड. ओढा म्हणजे काय, उन्हाळ्यात बदकाचे पाय भिजायचे नाहीत एवढा. पलीकडे अर्धा गाव होता. पोरीला नेलं ते मीच, हाताला धरून. "आईला बरं वाटलं की न्यायला येते," म्हणाले.

एटेल्काचा ताप उतरायच्या आत शिपाई आले आणि ओढ्याच्या काठाने खांब पुरू लागले. आम्हाला वाटलं गुरांसाठी असेल. खांबांना तार आली. तारेमागे नांगरलेली पट्टी आली, पाऊल उमटलं तर दिसावं म्हणून. मग कोणीतरी सांगितलं की ओढ्यापलीकडे आता वेगळा देश आहे, चेकांचा. चर्च आणि दफनभूमी आमच्या बाजूला, गिरणी आणि बाजार त्यांच्या बाजूला. नवरा गिरणीत अडकला आणि बायको घरी राहिली, असंही झालं. लोक म्हणाले, काढतील दोन महिन्यांत, असं कुठे गाव कापतात का? अहो, कापतात! भाकरी कापावी तसं कापतात, आणि कापणाऱ्याला नंतर आठवतही नाही.

एटेल्का भिंत धरून उभी राहिली आणि थेट तारेकडे गेली. "तेरूश!" म्हणून तिने जी हाक मारली ती गावाच्या दोन्ही टोकांना ऐकू गेली. पलीकडच्यांशी बोलायला बंदी, हात हलवायला बंदी, नुसतं बघत उभं राहायलाही बंदी. तिला नेऊन कोंडलं. सुटली, पुन्हा गेली. पुन्हा कोंडलं. मग अर्ज केले. अधिकाऱ्याने सांगितलं, "तुमची मुलगी परदेशी नागरिक आहे." चार वर्षांची, जिला नाक पुसता येत नव्हतं, ती परदेशी नागरिक! शिवाय नवऱ्याचं नाव वाईट यादीत, तेव्हा परवाना मिळणार नाही. एटेल्का म्हणाली, "त्याला तुम्हीच नेलंत ना?" त्यावर पुन्हा कोंडलं. शेवटी शिपायांनी तिला बजावलं की, आता ओरडलीस तर पलीकडच्या त्या घराला त्रास होईल. तेव्हा ती गप्प बसली. टपालाने पत्रं धाडली, आमच्या शाळामास्तरांकडून लिहून घेऊन. एकाचंही उत्तर आलं नाही. ती पोचली की कोणाच्या टेबलात राहिली, देव जाणे.

आता आमच्याकडची एक रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्यात माणूस गेला की पुरण्याआधी, अंगणात पेटी ठेवलेली असताना, निरोप गातात. गाणारा दुसराच असतो, पण बोलतो तो मेलेला. "मी, अमका, अमक्याचा मुलगा, आज माझ्या उंबऱ्याचा निरोप घेतो," असं सुरू करायचं आणि मग एकेकाचं नाव घ्यायचं. बायको, मुलं, भाऊ, शेजारी. ज्याचं नाव येईल त्याने पुढे होऊन पेटीच्या उशाकडे तळवा ठेवायचा. ऐकलं, असं सांगायचं म्हणून. गाणाऱ्याच्या तोंडून त्या वेळी मेलेलाच बोलतो, यावर आमच्यात कोणी शंका घेत नाही. त्यात खोटं घालत नाहीत. जमिनीवरून कोर्टात भांडणारे भाऊसुद्धा निरोपात आलेलं वाक्य मोडत नाहीत.

हे काम चर्चच्या गायकमास्तरांचं. पण मास्तर युद्धात गेले, पाद्रीबाबांना उत्तरेकडे कुठेतरी खाणकामाला नेलं. आणि त्याच हिवाळ्यात म्हातारा अंब्रुश वारला. त्याचे दोन्ही मुलगे तारेपलीकडे होते. त्यांना दिसावी म्हणून पेटी अंगणाऐवजी दफनभूमीत नेऊन ठेवली. तारेला लागूनच आमची दफनभूमी. पलीकडे दोन्ही मुलगे टोप्या हातात घेऊन उभे. बाप पुरला जातोय आणि निरोप सांगायला कोणी नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तेवढ्यात एटेल्का पुढे झाली.

"मी, अंब्रुश, गाडीवान," ती गाऊ लागली, "आज माझ्या घोड्यांचा निरोप घेतो." त्या आवाजाने शिपायांनीसुद्धा टोप्या काढल्या. मग तिने पलीकडच्या मुलांची नावं घेतली. थोरल्याला सांगितलं की घराचं छप्पर दुरुस्त करून घेतलंय. धाकट्याला सांगितलं की तुझी बायको सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली. ते पोरगं पलीकडे मटकन खाली बसलं. आणि सगळ्यात शेवटी, श्वास न घेता, तिने गायलं, "आणि ओढ्यापलीकडची तेरूश, अक्रोडाखालची, वाऱ्यात डोकं झाकून घे गं, आई सांगतेय."

पिरोश्काच्या अंगणात, तारेपासून हाकेच्या अंतरावर, एक अक्रोडाचं झाड होतं. त्याखाली लाल टोपडं घातलेलं एक पोर उभं होतं. त्याने तळवा उचलला आणि झाडाच्या खोडावर ठेवला.

एटेल्काने माझा दंड असा आवळला की महिनाभर काळानिळा होता. "ऐकलं तिने, गिझी. बघितलंस ना? ऐकलं तिने!"

त्या दिवसापासून ती निरोप सांगणारी झाली, आणि निरोप दफनभूमीतच होऊ लागले. पगार नाही, मान नाही. पाद्रीबाबा परत आले तरी हे काम तिच्याकडेच राहिलं, कारण तोवर सगळ्या गावाला कळलं होतं की पलीकडे बातमी पोचवायची असेल तर मयताची वाट बघायची. शिपाई लांबच्या मुलखातले, त्यांना आमची हंगेरियन भाषा कुठली कळायला. बाई रडतेय, रडू दे. बातम्या गोळा करायचं काम माझं. मी घरोघर फिरून आणायची आणि पेटीमागे उभी राहून तिच्या कानात सांगायची. एकदा एक कोवळा शिपाई डोळे पुसत मला म्हणाला, "काय गातात हो त्या, किती वाईट वाटतं." मी म्हटलं, "देवाची स्तुती." एटेल्का त्या वेळी सांगत होती की फेर्कोच्या बायकोला जुळं झालंय, आणि फेर्को तर वर्षभर कोळशाच्या खाणीवर आहे, हिशेब ज्याचा त्याने करावा.

पलीकडूनही उत्तरं यायची. त्यांच्या बाजूची शेतं खुरपताना बायका गायच्या, त्यात आमच्या लोकांची खुशाली असायची. "तेरूश शाळेत जाते." "तेरूशचे दात पडले." पण त्यांच्याकडचे आपले बरेच लोक एका हिवाळ्यात मालगाड्यांत भरून दूर नेले, घरांत डोंगराकडची नवी माणसं आली. गाणारे आवाज एकेक करून कमी झाले.

तुम्ही म्हणाल, एवढ्या उपयोगाची बाई, गावाने तिला डोक्यावर घेतलं असेल. छे! मयताला पहिली हाक तिला आणि लग्नाला शेवटची. शेवटची कसली, बोलावलंच नाही कधी. अपशकुन नको म्हणे. ती सहज कोणाच्या दारात उभी राहिली तर घरातले आधी आपल्या म्हाताऱ्याकडे बघायचे. पोरंसोरं "रडकी आली, रडकी आली" म्हणून पळायची. हळूहळू थोरही तिला रडकीच म्हणू लागले, आणि तिचं खरं नाव आम्हा चार-दोन जणींपुरतं राहिलं. मी भांडायची लोकांशी, एटेल्का मला गप्प करायची. "असू दे गं. मयत थांबलं तर माझीच पंचाईत."

हे ती गमतीने म्हणायची, पण खरं होतं. गावात बरेच महिने कोणी गेलं नाही की ती झुरायची. वांग्याचं कालवण करायची आणि तसंच ठेवायची. तेरूशचा छोटा पलंग दर शनिवारी झटकायची. मेनीहेर्त गेल्यावर त्या घरात दिवसभर कोणाचा आवाज नसायचा. मी भिंतीपलीकडून कान लावायची, तर एवढ्या मोठ्या गळ्याची ही बाई, तिच्याकडून भांड्याचाही आवाज येत नसे. आणि मग कुठेतरी घंटा वाजायची. ती काळी शाल घ्यायची, आणि तिच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मयताच्या घरी कोणी बघू नये म्हणून मी पुढे पुढे चालायची. तिला आनंद व्हायचा. आता सांगायला काय हरकत आहे.

अक्रोडाखाली पोरीची तरुणी झाली, तरुणीची बाई झाली. प्रत्येक निरोपाला ती यायची. हातातलं काम टाकून यायची, मान खाली घालायची, आपलं नाव आलं की खोडावर तळवा ठेवायची. कधी हसली नाही, कधी रडली नाही, मान वर करून बघितलं नाही. "शिस्तीची आहे," एटेल्का म्हणायची. "पिरोश्काने चांगलं वळण लावलंय. शिपाई बघतात ना, म्हणून बघत नाही माझ्याकडे." मीही तेच समजत होते.

मग रशियन गेले, युक्रेनवाले आले. भोंगे काढले. तार राहिली. आणखी बरीच वर्षं गेल्यावर, आमचे केस पांढरे झाल्यावर, दोन्हीकडच्या साहेबलोकांनी ठरवलं की सालबेरेकच्या मुख्य रस्त्यावर तारेत एक फाटक करायचं. पायी जायचं, संध्याकाळी बंद. उद्घाटनाच्या दिवशी कागदपत्रं न बघता सगळ्यांना सोडणार होते.

एटेल्काने आठवडाभर आधी अक्रोडाचे रोल भाजले. दोन करपले, तिसरा बरा झाला. सकाळी नवा रुमाल बांधून बसली. आणि फाटकाचा बँड वाजायला लागला तसे तिचे पाय गेले. खरंच गेले, उभंच राहता येईना.

"तू जा आधी," मला म्हणाली. "तिला सांग, आई येतेय. एकदम बघून घाबरेल ती. मी म्हातारी दिसते."

"तरणी कधी होतीस?" मी म्हटलं.

मी गेले. ओढ्यावर फळ्या टाकल्या होत्या. ज्या वाटेने पोरीला हाताला धरून नेलं त्याच वाटेने मी पिरोश्काच्या अंगणात पोचले. पिरोश्का केव्हाच वारली होती. तेरूश दारात उभी होती, साठीची, विधवा, मुलं लांबच्या शहरात. कान तेच. आमची भाषा जरा अडखळत बोलायची, तिकडच्या शाळेमुळे.

"तुम्ही पलीकडच्या?" तिने माझे हात धरले आणि मला नेनी म्हणाली, थोरल्या बाईला आमच्यात म्हणतात तसं. "नेनी, तुमच्याकडची ती रडकी आजी अजून आहे का हो? मला त्यांना भेटायचंय. लहानपणापासून भेटायचंय."

मी म्हटलं, "आहे तर! तुझीच वाट बघतेय."

तिचे डोळे भरले. "त्यांच्याच तोंडून माझी आई माझ्याशी बोलली हो. मी चार वर्षांची होते, आई तापाने गेली. मी रोज तारेकडे पळायची म्हणे. एकदा शिपायाने गोळी झाडली. तेव्हा आत्याने मला मांडीवर घेऊन सांगितलं, आई देवाघरी गेली, आता तिकडे धावायचं नाही. आणि मग त्या मयताला आई बोलली! आत्या म्हणाली, बघ, मेलेलं माणूस आपल्यात निरोपाला बोलतं, ऐक. दर वेळी बोलली. कोणाचंही मयत असो, माझी आई त्यात येऊन माझ्याशी बोलून जायची. इतर पोरांच्या आया मेल्या की गप्प होतात, माझी झाली नाही."

आत भिंतीवर पिरोश्काचा फोटो होता, शेजारी दिवा. त्याच्याशेजारी दुसरा दिवा होता, फोटोशिवायचा. तो कोणाचा ते मी विचारलं नाही.

"दुपारी ये," एवढंच म्हटलं आणि परत पळाले. फळ्यांवरून पडता पडता वाचले.

एटेल्काला मी सगळं सांगितलं. लपवणं मला जमत नाही. ती रोलच्या ताटाकडे बघत ऐकत होती. मी थांबले तेव्हा तिने एकच विचारलं, "गोळी झाडली? लागली नाही ना तिला?"

"साठ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, बाई!"

"लागली नाही ना पण?"

"नाही. एटेल्का, ती पिरोश्का चोर निघाली. तुझी पोर चोरली तिने. आणि तिकडच्या आपल्या म्हाताऱ्यांना सगळं माहीत होतं, सगळ्यांनी तोंडं शिवून घेतली. आज दुपारी मी स्वतः त्या पोरीला..."

"तू काही बोलायचं नाहीस," ती म्हणाली. "पिरोश्काने तिला गोळीपासून वाचवलं. मी काय केलं असतं तिच्या जागी? हेच केलं असतं. आणि आता या वयात तिला सांगू, की तुला वाढवणारी खोटारडी होती, आणि तुझी आई हाकेच्या अंतरावर जिवंत होती आणि तू मान खाली घालून उभी राहिलीस? तिच्याकडे बोलणारी आई आहे, गिझी. मेलेली का असेना. माझ्याशी बोलणारं तरी कोण होतं?"

"आणि तू?"

"मला काय होतंय. मी रडकी."

मी भांडले. भांडं आपटलं. तिने माझ्याकडून शपथ घेतली, बायबलावर हात ठेवून, की मी तेरूशशी या विषयावर एक शब्द बोलणार नाही. ती रडली नाही. साऱ्या गावासाठी रडून झालेलं, स्वतःसाठी काही शिल्लक नव्हतं बहुतेक. मी मात्र कोठीत जाऊन रडले.

तेरूश दुपारी आली, मधाची बाटली घेऊन. एटेल्का खुर्चीत बसली होती, हात शालीखाली. तेरूशने वाकून तिच्या हाताची पापी घेतली. "नेनी, तुमचं नाव काय? मला कोणी सांगितलंच नाही."

"नेनीच म्हण," एटेल्का म्हणाली. "बस. रोल खा. बारीक झालीस."

तेरूश हसली. "तुम्ही कधी जाड बघितलंत मला?"

"झाडाखाली दिसायचीस ना."

तेरूशने खाल्लं. मग हळूच विचारलं, "माझी आई तुमच्या ओळखीची होती?"

"होती. जवळची."

"कशी होती?"

"भांडकुदळ," मी मध्येच म्हटलं. एटेल्काने माझ्याकडे असं बघितलं की मी खिडकीबाहेर बघू लागले.

"साधी होती," एटेल्का म्हणाली. "आवाज मोठा होता. तुझ्यावर जीव होता तिचा."

"मी तिच्यासारखी दिसते का?"

"नाही. पण कान तिच्या बापाचे आहेत." आणि तिने शालीतून हात काढून तेरूशच्या कानाला लावला. लावला आणि तसाच ठेवला. मला तिथे बसवेना, पण उठलेही नाही.

निघताना तेरूश दारात घुटमळली. "नेनी, आज आई काही म्हणाली का? माझ्यासाठी?"

एटेल्काने शाल सावरली. "पेटी नसली की ते बोलत नाहीत बाळा," ती म्हणाली. "आज गप्प आहे ती."

पुढे तेरूश दोन-तीनदा येऊन गेली, सणाला म्हणून. दर वेळी नेनी, नेनी. ती गेली की एटेल्का तिने उष्टी केलेली बशी संध्याकाळपर्यंत धुवायची नाही. हिवाळ्यात तिला धाप लागू लागली आणि एका मंगळवारी पहाटे ती गेली. मी जवळ होते. जिने सगळ्यांच्या वतीने निरोप घेतला तिने स्वतःच्या वतीने एक शब्द काढला नाही.

जुन्या रीतीने अंगणात पेटी ठेवली. माणसं थोडी, थंडी फार. तरुण पोरं कामाला बाहेरदेशी गेलेली. तेरूश फाटकातून आली आणि बाहेरच्यांच्या रांगेत, कुंपणापाशी उभी राहिली. मला हळूच म्हणाली, "यांचं कोणीच नाही का हो, नेनी? पेटीवर हात कोण ठेवणार?"

मी शाल ओढून पेटीकडे वळले. शपथ होती.

निरोप सांगणारं गावात आता कोणी नव्हतं. सगळे माझ्याकडे बघू लागले. इतकी वर्षं तिच्या कानात कुजबुजलेली मी, चाल मला पाठ होती. माझा गळा म्हणजे फुटका ढोल. तरी पुढे झाले. आणि पेटीच्या उशाशी उभी राहिले तेव्हा माझ्या ध्यानात आलं की शपथ गिझीने घेतलीय. इथे गिझी बोलणार नाही. इथे जी पेटीत आहे ती बोलणार, आणि त्यात खोटं घालत नाहीत.

"मी, एटेल्का," मी गायले, "मेनीहेर्त दवंडीवाल्याची लेक, देनेशची बायको, आज माझ्या उंबऱ्याचा निरोप घेते."

कुंपणापाशी काहीतरी हललं. देनेश हे आपल्या बापाचं नाव तिला पिरोश्काने सांगितलं असणार. मी तिकडे बघितलं नाही. शेजाऱ्यांची नावं घेतली, माझं घेतलं. मीच गायले आणि मीच पेटीवर तळवा ठेवला. मग श्वास घेतला.

"आणि ओढ्यापलीकडची तेरूश, अक्रोडाखालची, वाऱ्यात डोकं झाकून घे गं, आई सांगतेय. तुला सांगितलं तेव्हा मी मेले नव्हते. दर वेळी तुझं नाव घेतलं तेव्हा मी मेले नव्हते. तुझ्या कानाला हात लावला तेव्हाही नव्हते. पिरोश्कावर रागावू नकोस, मी रागावले नाही. मी आत्ता मंगळवारी मेले, बाळा."

तेरूश कुंपण सोडून निघाली. माणसांनी वाट दिली. ती पेटीपाशी आली, उशाकडे, आणि तळवा ठेवला. या वेळी तिने मान खाली घातली नाही. एटेल्काच्या तोंडाकडे बघत राहिली, नीट, निरखून, आणि आमच्या भाषेत, जराही न अडखळता, म्हणाली, "आई, ऐकलं."

पेटीला झाकण लावणारे हातोडे घेऊन खोळंबले. तिला हात उचल म्हणायची कोणाची छाती झाली नाही, माझीसुद्धा नाही. संध्याकाळी तारेतलं फाटक बंद झालं तेव्हा ती आमच्या बाजूला होती, एटेल्काच्या घरात, त्या छोट्या पलंगाच्या कडेला बसून.